साताऱ्याहून परत पाठवलेला मुलगा

भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये माझी तीसेक वर्षे गेली, त्यांतली निम्मी तरी उभ्याने. चर्चगेटला उतरले की रुळांना समांतर मरीन लाइन्सच्या बाजूला जो मोठा रस्ता जातो, त्याच्या कडेने चालत मी माझ्या बँकेची शाखा गाठत असे. या रस्त्याला पूर्वी क्वीन्स रोड म्हणत. आता त्याचे नाव महर्षी कर्वे मार्ग. तिथून जवळच, नाथीबाई ठाकरसी मार्गावर, एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. सकाळच्या वेळी त्या बाजूला मुलींचे थवेच्या थवे चाललेले असत. डहाणू-पालघरपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या त्या मुली. त्यांच्यातून वाट काढत, घड्याळाकडे पाहत मी हजारो वेळा त्या पाटीखालून गेलो असेन. पाटी वाचून थांबलो मात्र एकदाच.

ती गोष्ट १९९६ सालची. जून महिना होता, कॉलेजांचे प्रवेश चालू होते. विशीतला एक मुलगा पांढरी काठी टेकत माझ्या टेबलाशी आला. त्याला दृष्टी अजिबात नव्हती. गाव कोकणात, घरी एकटी आई, आणि तो इथे कोणा ओळखीच्यांकडे राहून एम.ए. करणार होता. शिष्यवृत्तीचे पैसे जमा करायला त्याला खाते हवे होते आणि फी भरायला, पैसे काढायला चेकबुक. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शक्य तितक्या गोडीने सांगितले की खाते उघडू, पण चेकबुक देता येणार नाही. घरातले कोणी डोळस माणूस जोडीला घेऊन संयुक्त खाते काढले तर बरे. तेव्हा तशी रीतच होती. सही जुळली नाही तर काय, कोणी फसवले तर जबाबदारी कोणाची, ही कारणे आम्हा अधिकाऱ्यांच्या जिभेवर तयार असत. मुलगा म्हणाला की सही तो स्वतः करतो, ती दर वेळी सारखी येते की नाही हे मी एकदा पाहून तरी घ्यावे. मी पाहिले नाही. रीत ठरलेली असताना पाहून काय करायचे, असा माझा हिशेब. तो उठला, माझे आभार मानले आणि काठीने वाट शोधत निघून गेला.

योगायोग असा की त्या आठवड्यात मी वाचनालयातून धोंडो केशव कर्वे यांचे आत्मवृत्त आणले होते. गाडीत उभ्या उभ्या वाचत होतो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यातली साताऱ्याची हकिगत आली, आणि चर्चगेटला उतरल्यावर मी त्या पाटीखाली जरा वेळ उभा राहिलो.

ती हकिगत अशी.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. बालपण गेले दापोलीजवळच्या मुरुडला. घरची गरिबी, पण गावात सोमण नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी मुलांना वाचनाची आणि चार लोकांच्या उपयोगी पडण्याची गोडी लावली. त्या काळी मराठी शाळेतून सरकारी नोकरीत शिरायचे तर एक सार्वजनिक परीक्षा द्यावी लागे आणि तिला वयाची अट होती सतरा वर्षांची. १८७५ साली धोंडूला सतरा पुरी झाली होती. परीक्षेचे केंद्र साताऱ्याला. मुरुडहून सातारा म्हणजे शंभर मैलांहून जास्त अंतर, मध्ये सह्याद्री उभा, आणि दिवस पावसाळ्याचे. सोबतीच्या मुलांबरोबर हा मुलगा पाठीवर बोचके टाकून पायी निघाला. घाट, जंगल, चिखल तुडवत चार दिवसांनी ते साताऱ्याला पोहोचले.

परीक्षामंडळापुढे नावे पुकारली गेली. धोंडू अंगाने किरकोळ, उंचीने बेताचा. प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा काही सतराचा दिसत नाही, असे म्हणून त्याला परीक्षेला बसू देण्याचे नाकारले. झाले. चार दिवसांची चाल त्या एका दृष्टिक्षेपात फुकट गेली. मुलगा आल्या वाटेने परत मुरुडला आला. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या केंद्रावर जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि तो पास झाला.

ही हकिगत मी शाळेच्या पुस्तकात लहानपणी वाचली होती. तिथे ती चिकाटीचा धडा म्हणून होती. त्या दिवशी गाडीत मात्र मला धोंडूपेक्षा तो प्रमुख जास्त दिसू लागला. तो काही दुष्ट माणूस नसावा. नियम वयाचा होता, आणि वय त्याने चेहऱ्यावरून ठरवले. खरे वय तपासण्याची तसदी त्याला घ्यावीशी वाटली नाही, इतकेच. टेबलाच्या पलीकडचा माणूस किती लांबून आला आहे, हे टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला दिसत नाही. माझे तेच झाले होते.

कर्व्यांच्या पुढच्या शहाऐंशी-सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्याकडे मी तेव्हापासून याच बाजूने पाहत आलो आहे. शिक्षणाच्या दारावरून परत पाठवलेला एक मुलगा मोठेपणी दारेच बांधत सुटला, असे ते आयुष्य आहे. पण ते इतके सरळ नाही, हेही पुढे येईल.

मुरुडहून रत्नागिरी, रत्नागिरीहून मुंबई अशी ओढाताण करत कर्वे १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. आज त्या वयाला मुले दुसरी पदवी घेऊन बसलेली असतात. शिकवण्या करून पोट भरत त्यांनी १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. केले. मग मुंबईतल्या शाळांत गणिताचे शिक्षक. गावाचे ऋण त्यांना विसरता येत नव्हते म्हणून १८८६ साली त्यांनी मुरुड फंड काढला. कमावत्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला लहानसा हिस्सा गावाच्या कामासाठी द्यायचा, अशी ती योजना. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या फंडाचे फार कौतुक वाटते. मोठ्या देणगीची वाट न पाहता थोडे थोडे, पण नियमाने जमवायचे, ही त्यांची पुढची सारी पद्धत इथेच दिसते.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. लोकमान्य टिळकांनी सोडलेली ती जागा. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मागे लहानगा रघुनाथ होता, तोच पुढे संततिनियमनाचा पुरस्कार करणारा र. धों. कर्वे. तेहेतीस वर्षांच्या विधुराने दहा-बारा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न करायचे, यात तेव्हा कोणालाच वावगे वाटत नसे. कर्व्यांनी ठरवले की करायचे तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथे शिकायला आलेली ती पहिली विधवा मुलगी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणत.

मुरुडने या लग्नाबद्दल कर्व्यांना वाळीत टाकले. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावाने ठराव केला की कर्वे जिथे असतील त्या बैठकीत कोणी बसू नये. गावी गेल्यावर आईच्या घरात राहण्याचीसुद्धा सोय उरली नाही. कर्वे चिडले नाहीत, भांडलेही नाहीत. विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी स्थापन केली, पण थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले की लग्न ही एका विधवेची सोय झाली. बाकीच्या हजारो जणींना लग्नापेक्षा आधी स्वतःच्या पायावर उभे राहायला हवे आहे. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. साठवलेले हजार रुपये त्यात घातले, आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावावर करून दिली. घरात बायांनी काय म्हटले असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल. बायांनी माझे पुराण या आपल्या आठवणींत हा सगळा ताण काही आडपडदा न ठेवता सांगितला आहे, आणि कर्व्यांचे चरित्र वाचणाऱ्याने ते पुस्तक वाचल्याशिवाय आपले वाचन पुरे झाले असे समजू नये.

१९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. आज तिथे कर्वेनगर आहे, रिक्षा मिळते, बस मिळते. तेव्हा रान होते. फर्ग्युसनमधले तास संपवून प्राध्यापक कर्वे काही मैल चिखल तुडवत रोज हिंगण्याला जात, तिथे मुलींना शिकवत आणि पहाटे परत येत. पाठीवर पुष्कळदा आश्रमाचे सामान असे. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, या आश्रमात शिकल्या, तिथल्या आधारस्तंभ झाल्या आणि पुढे निधी जमवायला एकट्या अमेरिकेपर्यंत गेल्या.

आता जी गोष्ट सांगायची ती पुष्कळ गौरवग्रंथांत सापडत नाही. फर्ग्युसनमध्ये तेव्हा विठ्ठल रामजी शिंदे नावाचा जमखंडीचा एक मराठा विद्यार्थी शिकत होता. पुढे अस्पृश्यतानिवारणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी शिंदे ते हेच. त्यांची बहीण जनाबाई सासरच्या छळातून सुटून माहेरी आली होती. तिला शिकवून स्वतंत्र करावे म्हणून शिंदे तिला आश्रमात घेण्याची विनंती करायला कर्व्यांकडे गेले. कर्व्यांनी नकार दिला. मुलगी ब्राह्मण नव्हती, आणि आश्रम तेव्हा ब्राह्मण विधवांपुरता चालला होता. जनाबाईंना पुढे पुण्यातच हुजूरपागेच्या शाळेत प्रवेश मिळाला. शिंद्यांनी आपल्या आठवणींत ही हकिगत नोंदवून ठेवली आहे.

कर्व्यांची अडचण समजण्यासारखी होती. आश्रमाला मिळणाऱ्या देणग्या जुन्या वळणाच्या लोकांच्या खिशातून येत. विधवांचे वडील, भाऊ कसेबसे मन घट्ट करून मुलींना पाठवत. आश्रम पुनर्विवाह लावून देणार नाही, असे आश्वासनदेखील त्यांना द्यावे लागले होते. त्यात सगळ्या जातींच्या मुली एका पंक्तीला बसवल्या तर संस्थाच बंद पडेल, ही त्यांची भीती. एका दाराला हात लावायचा तर दुसरे तूर्त राहू द्यावे, असा तो हिशेब. असे हिशेब मी बँकेत पुष्कळ केले आहेत, आणि ते चुकीचेच असतात असेही म्हणणार नाही. पण जनाबाईच्या बाजूने पाहिले, तर साताऱ्याच्या टेबलावर जे घडले तेच पुण्याच्या टेबलावर पुन्हा घडले. मुलगी कोण आहे, किती सोसून आली आहे हे कळूनही उपयोग झाला नाही, कारण जात आधीच ठरलेली होती. ज्याला रूप पाहून परत पाठवले होते, त्याने जात पाहून परत पाठवले. कर्व्यांना मोठे म्हणायचे तर ही गोष्ट झाकून म्हणता येणार नाही. तिच्यानंतर त्यांनी काय केले, ते पाहूनच म्हणावे लागेल.

मध्ये बरीच वर्षे गेली. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९१४ साली फर्ग्युसनमधून कर्वे निवृत्त झाले. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस पेन्शनचा हिशेब करत बसतो. कर्व्यांच्या हाती त्या सुमारास बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवलेली एक पुस्तिका आली. जपानमध्ये १९०१ साली टोकियोत मुलींसाठी निघालेल्या विद्यापीठाची माहिती तीत होती. १९१५च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा आपल्या भाषणात त्यांनी भारतात स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, ते विद्यापीठ पुण्यात उभे राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले. सुरुवातीला विद्यार्थिनी किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होतेच, आणि मुलींना त्याची दारे कागदोपत्री १८८३ पासून उघडी होती. मग वेगळे विद्यापीठ कशाला, असा प्रश्न तेव्हाच्या शहाण्या लोकांनी विचारला, आणि तो रास्त होता. कर्व्यांचे उत्तर मला या सगळ्या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दार नुसते उघडे असून चालत नाही, येणाऱ्याला त्यातून आत येता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. मुलीच्या वाटेत तेव्हा अडथळे कोणते होते, ते त्यांनी एकेक करून मोजले.

पहिला अडथळा भाषेचा. इंग्रजीतून सगळे विषय शिकायचे म्हणजे निम्मी वर्षे भाषा येण्यातच जात. मुलाला ती वर्षे होती, मुलीला नव्हती, कारण तिचे लग्न मध्ये येऊन उभे राही. म्हणून या विद्यापीठाने शिक्षण मातृभाषेतून दिले. इंग्रजी ठेवली, पण एक विषय म्हणून. गांधीजींचे म्हणणे होते की इंग्रजी सक्तीची नसावी. कर्व्यांना ती हवी होती. बाहेरच्या जगाची खिडकी त्यांना बंद करायची नव्हती.

दुसरा अडथळा वर्गाचा. जिला घर सोडता येत नाही, जिच्या गावात कॉलेज नाही, तिने काय करावे? विद्यापीठाने अशा स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा दिली. आज आपण दूरशिक्षण म्हणतो, त्याचे हे बीज.

तिसरा अडथळा विषयांचा. स्वतः गणिताचे प्राध्यापक असूनही त्यांनी गणित सर्वांच्या माथी मारले नाही. गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र, बालमानसशास्त्र या विषयांना विद्यापीठात मान दिला. यावर टीका झाली की मुलीला शिकवून पुन्हा चुलीपाशीच बसवणार का. ही टीका मला अर्धी खरी वाटते. पण ज्या बापाला मुलगी शिकवणे हाच अधर्म वाटत होता, त्याला उंबरठ्याबाहेर आणायला हे विषय उपयोगी पडले, हेही तितकेच खरे. पदवीचे नावही त्यांनी आपले ठेवले, गृहीतागमा. बी.ए.च्या जागी जी.ए. लिहिलेल्या जुन्या पाट्या काही घरांवर असत.

पैशाचा प्रश्न होताच. कर्वे गावोगाव हिंडले, रुपया-दोन रुपये देणाऱ्यांच्या नावांच्याही याद्या केल्या. मग १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. साडेतीन टक्क्यांनी त्याचे वर्षाचे उत्पन्न होते साडेबावन्न हजार. त्या काळात एवढ्या ठेवीवर एक विद्यापीठ उभे राहू शकत होते. विद्यापीठाने त्या मातेचे नाव घेतले, आणि एसएनडीटी ही चार अक्षरे जन्माला आली. १९३६ साली मुख्य कार्यालय मुंबईला आले. सरकारची पुरी कायदेशीर मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे या पदव्यांना सरकारदरबारी नीटशी किंमत नव्हती, तरीही बायका शिकत राहिल्या. कर्व्यांची सून इरावतीबाई, ज्यांना आपण युगान्तच्या लेखिका म्हणून ओळखतो, त्यांनी काही वर्षे या विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले.

१९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे विद्यापीठाची माहिती सांगायला आणि निधी जमवायला जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका करत ते जपानला गेले आणि ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून हे सारे सुरू झाले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. नंतर आफ्रिकेतही जाऊन आले.

इथे कोणाही माणसाने थांबावे. पण १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यात शाळाच नाही, तिथे एक शिक्षकी का होईना, शाळा काढायची. त्यासाठी हा म्हातारा पुण्याच्या गल्ल्यांतून दारोदार वर्गणी मागत हिंडला. आणि १ जानेवारी १९४४ रोजी, शहाऐंशीव्या वर्षात, त्यांनी समता संघ स्थापन केला. जातीजातींतला उच्चनीच भाव जावा, माणसामाणसांत समता यावी, हे त्याचे काम. मानवी समता नावाचे मासिकही चालवले.

जनाबाईला परत पाठवल्याला तोवर पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली होती. समता संघ काढताना कर्व्यांना ती मुलगी आठवली की नाही, ते मी कसे सांगणार? एवढे मात्र दिसते, की जे दार त्यांनी तरुणपणी तूर्त म्हणून बंद ठेवले होते, त्याच्याशी ते म्हातारपणी परत आले. संस्था मोडेल म्हणून ज्याला भ्यायचे, ती भीती त्यांनी शेवटी टाकून दिली. उशीर फार झाला होता. तरी पुष्कळांच्या आयुष्यात तो उशिराचाही दिवस येत नाही.

१९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली भारतरत्न. शंभराव्या वाढदिवसाचा सोहळा चर्चगेटच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला, पंडित नेहरू आले होते. टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले. जिवंतपणी तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात, एकशे चार वर्षांचे आयुष्य संपवून ते गेले. बाया त्यांच्याआधीच गेल्या होत्या.

आता पुन्हा आमच्या भाईंदरला येतो. १९८८ साली लग्न करून आम्ही इथे राहायला आलो, तेव्हा इथे नगरपालिका होती, पाणी रात्री-अपरात्री येई, आणि कॉलेजला जायचे तर गाडी पकडण्यावाचून इलाज नसे. गर्दीच्या वेळी भाईंदरला बाईने गाडीत शिरणे ही एक परीक्षाच होती. १९९२ साली पश्चिम रेल्वेवर महिलांची स्वतंत्र गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायकांनी पेढे वाटले होते. आमच्या सौ.चे शिक्षण लग्नामुळे बारावीला थांबलेले. तिने बी.ए. केले ते एसएनडीटीच्या दूरशिक्षणातून, घरी बसून, मराठीतून. रात्री नळाला पाणी आले की पिंप भरेपर्यंत ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचायची. परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून धाकट्याला सांभाळले. एवढेच काय ते माझे स्त्रीशिक्षणातले योगदान. निकाल लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की १९१६ साली एका म्हाताऱ्या गणिताच्या प्राध्यापकाने जे अडथळे मोजले होते, ते आमच्या दोन खोल्यांतही जसेच्या तसे होते.

काही दारे त्यानंतर उघडली आहेत. २०१६ साली, विद्यापीठाच्या शताब्दीच्याच वर्षी, दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ठरावीक प्रमाणाहून जास्त अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पाच टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पण कर्व्यांच्या पद्धतीने मोजायला बसले, तर जागा राखीव आहे आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट मात्र बंद. फी माफ आहे आणि रात्रीच्या गाडीने परत यायला घरच्यांची परवानगी नाही, असे किती तरी अडथळे आजही सापडतील. ते कायद्यात दिसत नाहीत. ते ओळखायला टेबलावरून उठून दारापर्यंत जावे लागते.

२००८ साली जून महिन्यात रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक माझ्या टेबलावर आले. अंध ग्राहकांना चेकबुकसह सगळ्या सोयी इतरांप्रमाणेच द्याव्यात, भेदभाव करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मी ते दोनदा वाचले. बारा वर्षांपूर्वीच्या त्या मुलाचे नाव मला आठवेना. कोऱ्या कागदावर त्याच्या चार सह्या घेऊन पाहायला मला दोन मिनिटे लागली असती, आणि वर पत्र लिहून विचारायला एक टपाल तिकीट. त्याने एम.ए. पुरे केले का, फी कशी भरली, हे मला कधीच कळले नाही. त्या दिवशी मी शाखेतल्या सगळ्यांना परिपत्रक वाचून दाखवले आणि पुढच्याच आठवड्यात आलेल्या एका अंध बाईंना स्वतः चेकबुक दिले. त्यांनी माझे आभार मानले. मला ते घेता येईनात.

निवृत्त झाल्यावर चर्चगेटला जाणे कमी झाले आहे. गेलो की अजून त्या पाटीखाली क्षणभर थांबतो. मागून येणाऱ्या मुली घाईने पुढे निघून जातात. तास चुकायला नको असतो त्यांना.